नंबर नको, पहिली ओळ सांगा : एक चर्च, दोन कुलपं

रविवारची_घंटा (धागाकर्ता)

आमच्या गावच्या चर्चच्या दाराला दोन कुलपं आहेत. एक पितळी, बहुतेक मिशनच्या काळातलं. दुसरं चार वर्षांपूर्वी बाजारातून आणलेलं. पितळी कुलपाची किल्ली जुन्या पंच कमिटीच्या खजिनदारांकडे, दुसरी नव्या कमिटीच्या सेक्रेटरींकडे. कडी एकच, त्यामुळे दोन्ही किल्ल्या आल्याशिवाय दार उघडत नाही. आठ वाजता एकांची उपासना, साडेदहाला दुसऱ्यांची, आणि मधल्या वेळात टेबलावरची चादर बदलतात. सेक्रेटरी लग्नाला नाशिकला गेले असले तर आठवाले पायरीवर सतरंजी टाकून बसतात. हसू नका, पावसाळ्यात बसून बघा.

(नगर जिल्हा. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.)

फूट कशावरून पडली? बाप्तिस्मा कसा द्यावा, प्रभुभोजन (भाकर आणि प्याल्याचा विधी) महिन्यातून किती वेळा घ्यावं, असलं काही नाही. मिशनच्या पडक्या बंगल्यासमोर रस्त्याला लागून मोकळी जागा आहे. तिथे गाळे काढून भाड्याने द्यायचे की नाही, एवढाच विषय. सभा झाली, दुसरी झाली, तिसऱ्या सभेचं प्रोसिडिंग बुक दोन ठिकाणी लिहिलं गेलं, आणि तेव्हापासून आमचं सगळंच दोन-दोन आहे.

आता मूळ मुद्दा. गेल्या नाताळाच्या आधी पंधरा दिवस माझी आजी गेली. वय ९१. तिचं नाव दोन्ही रजिस्टरांत होतं, कारण दाराशी वर्गणीला कोणीही आलं की ती डब्यातून नोट काढून द्यायची. पावती कोणाची हे तिने कधी पाहिलं नाही. त्यामुळे तिच्या दफनविधीला दोन पाळक आले. अंगणात आजी, ओसरीवर दोन पाळकसाहेब, आणि मध्ये माझे वडील पाण्याचा तांब्या घेऊन उभे. शेवटी तोड निघाली: घरची प्रार्थना एकांनी करायची, कबरेजवळचा विधी दुसऱ्यांनी.

दफनभूमीत पाळकांनी गीताचा नंबर सांगितला. निम्म्यांच्या हातात गायनाच्या पुस्तकाची जुनी आवृत्ती, निम्म्यांच्या हातात नवी. नंबर तोच, गीत वेगळं. एका बाजूने एक गीत उचललं, दुसऱ्या बाजूने दुसरं. दोन-तीन ओळी दोन्ही चालली, कारण थांबायचं कोणालाच नव्हतं. पेटीवाला भात्यावर हात ठेवून गप्प. तेव्हा आमची आत्या ओरडली, "अहो, नंबर नका सांगू, पहिली ओळ सांगा!"

पहिली ओळ सांगितली. ती सगळ्यांना पाठच होती. पुस्तकं मिटली.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की हे नंबर आपल्याला दिले कोणी? आमचा हा भाग अमेरिकन मराठी मिशनचा. नगरला ते १८३१ साली आले, काँग्रिगेशनल पंथाचे. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे अँग्लिकन. कोल्हापूरला अमेरिकन प्रेसबिटेरियन, नागपूरला स्कॉटिश, डहाणूकडे ब्रदरन. मिशनांनी एकमेकांच्या वाटेला जायचं नाही म्हणून मुलूख वाटून घेतले होते. म्हणजे माझी खापरपणजी काँग्रिगेशनल झाली ती काही धर्मशास्त्र वाचून नव्हे, माहेर नगर जिल्ह्यातलं म्हणून. नाशिककडे जन्मली असती तर अँग्लिकन झाली असती आणि मी आज बिशपच्या बाजूने भांडत असतो. हे वाटपही सगळ्यांनी पाळलं असं नाही. १८७०च्या दशकात एस.पी.जी. हे अँग्लिकन मिशन नगरमध्येच उतरलं आणि दोन मिशनांत कुरबुरी झाल्याच.

माझं म्हणणं असं, की आपल्यातली फूट श्रद्धेची नाहीच. ती आधी मिशनांच्या नकाशाची होती आणि आता मिशननं मागे ठेवलेल्या जमिनीची आहे. तुम्हाला काय वाटतं?

शंकेखोर

मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. बाहेरून तुम्ही सगळे एकच दिसता. काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, अँग्लिकन म्हणजे नेमकं काय? आमच्यातल्या शैव-वैष्णवांसारखं?

आणि आत्यांना नमस्कार सांगा.

पाळकाचा_मुलगा

@शंकेखोर, शैव-वैष्णव नाही, कारण देव, ग्रंथ, पंथाचा मूळ विश्वास तोच. फरक मुख्यतः कारभाराचा. गावाच्या भाषेत सांगतो. काँग्रिगेशनल म्हणजे ग्रामसभा: मंडळीची सभा बसेल आणि ठरवेल, वरून कोणी हुकूम देणार नाही. प्रेसबिटेरियन म्हणजे पंच: निवडलेले वडीलजन आणि पाळक मिळून निर्णय घेणार, त्यांच्या वर आणखी मोठी पंचायत. अँग्लिकन म्हणजे पाटील: बिशप असणार, आणि त्याच्या डोक्यावर आधीच्या बिशपांनी हात ठेवलेला असणार, ती परंपरा मोडायची नाही. बॅप्टिस्ट आणि ब्रदरन यांचा मुद्दा वेगळा. त्यांच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा नाही. समज आल्यावर स्वतः विश्वास कबूल करायचा आणि पाण्यात बुडवून घ्यायचा.

आता धागाकर्त्यांना. तुमचा नकाशाचा मुद्दा मान्य, पण "श्रद्धेची फूट नाहीच" हे सोपं करून सांगताय. सोपं असतं तर ४१ वर्षं लागली नसती. उत्तर भारतातल्या चर्चेसच्या एकीकरणाची बोलणी १९२९ साली सुरू झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) प्रत्यक्षात आलं २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आपल्या नागपूरला. सहा चर्च एकत्र आली: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (तुमचे काँग्रिगेशनल आणि प्रेसबिटेरियन १९२४ पासूनच त्यात एकत्र होते), ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स.

दोन गाठी सुटायला सगळ्यात जड गेल्या. पहिली बाप्तिस्म्याची. त्यावर तोडगा असा की दोन्ही पद्धती मान्य, बाळाचाही आणि मोठेपणीचाही; आईवडिलांच्या विवेकावर सोडायचं. दुसरी पाळकांची. अँग्लिकनांना इतरांच्या दीक्षा अपुऱ्या वाटत होत्या आणि इतरांना "आमची दीक्षा काय खोटी होती?" असं वाटत होतं. मग सगळ्यांनी सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवायचे ठरले. कोण कोणाला काय देतंय हे मुद्दाम स्पष्ट केलं नाही, देवाला माहीत म्हणून सोडून दिलं. माझे वडील म्हणायचे, ज्या वाक्यावर सगळे सह्या करतात ते वाक्य जरा धूसरच असायला हवं.

आणि अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट शेवटच्या काही महिन्यांत मागे फिरले हेही लक्षात ठेवा. संख्येने मोठं चर्च ते. आजही ते वेगळंच आहे.

मेलबर्नची_सून

अगदी असंच इकडे. युनायटिंग चर्च १९७७ साली झालं, मेथडिस्ट, प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून. प्रेसबिटेरियनांतला एक गट बाहेरच राहिला. त्यामुळे एका रस्त्यावर समोरासमोर दोन चर्च दिसतात आणि नव्याने आलेल्या मराठी माणसाला कुठे जायचं कळत नाही. मी पहिल्या रविवारी जिथे पार्किंग मिळालं तिथे गेले. अजून तिथेच जाते.

वसईकर

आमच्या कॅथलिकांच्या बाजूनेही लिहितो, नाहीतर धागा फक्त प्रोटेस्टंटांचा होईल.

वसईत आमची श्रद्धा सोळाव्या शतकापासूनची, पोर्तुगीज काळातली. माझ्या लहानपणी आजोबांच्या तोंडी "प्रोटेस्टंट" हा शब्द यायचा तो जरा आवाज उतरवूनच. त्यांच्या तरुणपणी दुसऱ्या चर्चच्या उपासनेला जाणं हे कबुलीजबाबात सांगायचं पाप होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याचा दस्तऐवज काढला आणि इतरांना "विभक्त बंधू" म्हटलं, तेव्हा वारं बदललं. आजोबांना ते पटायला पुढची वीस वर्षं लागली, तो भाग वेगळा.

आपल्यात भाषासुद्धा दोन झाल्यात, हे कोणी बोलत नाही. आम्ही मिस्सा म्हणतो, तुम्ही उपासना. आमचे फादर, तुमचे पाळक. आम्ही स्नानसंस्कार, तुम्ही बाप्तिस्मा. तुमचं 'ज्ञानोदय' नियतकालिक १८४२ पासूनचं, आमच्याकडे 'सुवार्ता'. आमच्या घरी ज्ञानोदय कधी आला नाही आणि तुमच्यापैकी किती जणांकडे सुवार्ता येत होता? फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा मात्र दोन्हीकडच्यांनी "आपले फादर" म्हटलं. तेवढं बरं वाटलं.

घरचं उदाहरण. माझ्या बहिणीनं नगरकडच्या प्रोटेस्टंट मुलाशी लग्न केलं. बिशपांची परवानगी काढली, मुलं कॅथलिक श्रद्धेत वाढवीन असं तिनं लिहून दिलं, सगळं रीतसर. त्याचा बाप्तिस्मा आम्ही मानतो, पुन्हा द्यावा लागत नाही. पण कम्युनियन, म्हणजे तुमचं प्रभुभोजन, चालत नाही. तर भावोजी पंधरा वर्षं दर रविवारी मिस्साला येतात, रांगेत उभे राहतात, फादरसमोर गेल्यावर दोन्ही हात छातीवर आडवे धरतात, आशीर्वाद घेतात आणि परत फिरतात. मागे माझी भाची असते, ती घेते. पहिल्यांदा तिनं कम्युनियन घेतलं त्या दिवशी तिनं बाकावर येऊन विचारलं, "डॅडींना का नाही दिलं?" मी काय सांगणार? व्हॅटिकनच्या दस्तऐवजाचं कलम?

@रविवारची_घंटा, इथे गाळे नाहीत, जमीन नाही, कोर्ट नाही. तरी भावोजी रिकाम्या हाताने परत फिरतात. म्हणून तुमचं विधान मला पटत नाही. काही भिंती खरंच श्रद्धेच्या आहेत.

रविवारची_घंटा (धागाकर्ता)

@वसईकर, हे वाचून दोन मिनिटं काही लिहिताच आलं नाही. मान्य. "श्रद्धेची फूट नाहीच" हे वाक्य मागे घेतो. निदान तुमच्या-आमच्यात आहे.

तरी एक. हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियेच्या) कॅथलिक यात्रेला सप्टेंबरात आमच्या गावातून टेम्पो जातो. त्यात निम्मे प्रोटेस्टंट असतात. पाळकांना कोणी सांगत नाही. पाळकांची सौ. पण एकदा टेम्पोत होत्या. :)

नवा_द्राक्षारस

जय ख्रिस्त सर्वांना. मी पुण्यात एका स्वतंत्र मंडळीत आहे. कुठल्या मिशनची नाही, कुठल्या डायोसिसची (बिशपच्या हद्दीची) नाही. आम्ही एका शाळेचा हॉल रविवारी भाड्याने घेतो. खुर्च्या मांडतो, स्तुती-आराधना करतो, खुर्च्या उचलतो. आमच्याकडे पूर्वी कॅथलिक असलेले आहेत, मेथडिस्ट आहेत, कोणीच नव्हते असेही आहेत. कोणी विचारत नाही. योहान १७ मध्ये प्रभूने "ते सर्व एक व्हावेत" अशी प्रार्थना केली ती संस्थांचं विलीनीकरण करा म्हणून नव्हे. कुलूप लावायला दारच नसलं की भांडणही नसतं.

पाळकाचा_मुलगा

भाऊ, तुमच्या उत्साहाचा आदर आहे. पण माझ्या ओळखीच्या एका स्वतंत्र मंडळीचे तीन वर्षांत तीन हॉल झाले. एक पास्टर, मग त्यांचे असिस्टंट वेगळे, मग असिस्टंटचे मेहुणे वेगळे. जमीन नव्हती, तर साउंड सिस्टिमवरून भांडले. करिंथच्या मंडळीकडे तरी कुठे जमीन होती? "मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा" हे घरात भरणाऱ्या मंडळीतच सुरू झालं होतं.

नवा_द्राक्षारस

साउंड सिस्टिमचं खरं आहे. आमचं नाही, पण ऐकलंय.

एक विचारतो, रागावू नका. मी लहानपणी बाप्तिस्मा घेतलेला होता, मोठेपणी पुन्हा पाण्यात घेतला. माझ्या आईला आजही वाटतं की मी तिनं केलेलं सगळं खोटं ठरवलं. तसं मला म्हणायचं नव्हतं. तुमच्या सी.एन.आय.मध्ये दोन्ही चालतात ना, मग मी तिथे राहून हे करू शकलो असतो?

पाळकाचा_मुलगा

नाही. दोन्ही चालतात, पण एका माणसाला एकदाच. बाळपणी झाला असेल तर तो पूर्ण मानतात, मोठेपणी कन्फर्मेशनला तुम्ही तो आपल्या तोंडाने कबूल करता. पुन्हा घेणं म्हणजे पहिला नाकारणं, असं चर्च मानतं, आणि तुमच्या आईलाही नेमकं तेच वाटलं. हा पेच खरा आहे. याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. आईला भेटायला मात्र जात जा.

वकीलकाका

वर मालमत्तेचा विषय निघालाय म्हणून पंचेचाळीस वर्षांच्या वकिलीतून थोडं.

आपल्याकडे चर्चची मालमत्ता बहुतेक ठिकाणी ट्रस्टच्या नावे असते आणि १९५०च्या मुंबई (आता महाराष्ट्र) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. आता एक गंमत बघा. ब्रदरन चर्च १९७० साली सी.एन.आय.मध्ये आलं. पुढे काही जण म्हणाले, आम्ही आलोच नाही. वाद गुजरातेतून निघाला आणि सुप्रीम कोर्टापर्यंत दोनदा गेला. २००५ साली कोर्टानं सांगितलं की ट्रस्टच्या कारभाराचे हे प्रश्न या कायद्याच्या यंत्रणेपुढे न्या, दिवाणी कोर्टात नव्हे. २०१३ साली निकाल दिला की नुसता विलीनीकरणाचा ठराव केल्याने नोंदलेला ट्रस्ट संपत नाही आणि मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही. कायद्याने सांगितलेली रीत पाळावी लागते, ती पाळली नव्हती. म्हणजे नागपूरच्या त्या दिवसानंतर ४३ वर्षांनी.

मी आशिलांना नेहमी सांगतो, एकीचा ठराव प्रार्थनेने पास होतो, पण मालमत्ता चेंज रिपोर्टने (ट्रस्टच्या नोंदीतल्या बदलाच्या अर्जाने) सरकते. तुमच्या वाडवडिलांनी पहिलं केलं, दुसरं करायला विसरले.

धागाकर्ते, तुमच्या गावच्या जागेचा पी.टी.आर.चा (सार्वजनिक ट्रस्टांच्या नोंदवहीचा) उतारा कोणी पाहिलाय का? विश्वस्त म्हणून नावं कोणाची आहेत? माझी पैज आहे, निम्मे विश्वस्त आजींच्या शेजारीच विसावलेले असतील.

डहाणूची_लेक

काकांनी आमचंच प्रकरण काढलं म्हणून लिहिते. मी ब्रदरन घरातली. आमच्याकडच्या लोकांना सगळे "फुटीर" म्हणतात, तर आमचं काय गेलं तेही ऐका.

ब्रदरनांत प्रभुभोजनाआधी पाय धुण्याचा विधी असतो. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. माझे आजोबा सांगायचे: संध्याकाळी मंडळी जमायची, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, पितळी परात आणि कमरेला पंचा. शेजारच्याचे पाय धुवायचे, पुसायचे, मग त्याला मिठी मारायची. मग सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि मग भाकर आणि प्याला. आदल्या आठवड्यात ज्याच्याशी बांधावरून भांडण झालं असेल त्याच्याच शेजारी आजोबांना बसवलं जायचं, म्हणे मुद्दाम. बाप्तिस्माही तीन वेळा बुडवून, पुढच्या बाजूला.

एकत्र आल्यावर कोणी हे बंद केलं नाही. पण नवे पाळक आले ते दुसऱ्या परंपरेतले, त्यांना सवय नव्हती. वर्षातून एकदा झालं, मग आजारपणामुळे राहिलं, मग परात कोणाच्या तरी लग्नात गेली. मी स्वतः एकदाही पाय धुतलेले नाहीत. आजोबा शेवटी वेगळ्या गटात गेले ते जमिनीसाठी नाही. तिथे परात होती.

तेव्हा एकी म्हणताना जरा जपून. मोठ्यात छोटं विरघळतं आणि मोठ्याला कळतही नाही.

शंकेखोर

हा धागा आता बुकमार्क. डहाणूताई, "तिथे परात होती" हे विसरणार नाही.

केडगावची_माळीण

आपल्या दोन मोठ्या माणसांची आठवण इथे व्हायलाच हवी. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात अँग्लिकन चर्चमध्ये झाला, पण तिथल्या सिस्टरशी त्यांची पत्रं वाचा. मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण बिशप-पाळकांच्या तोंडून पडणारा प्रत्येक शब्द स्वीकारायला बांधलेली नाही, असं त्या ठणकावून सांगतात. केडगावच्या मुक्ती मिशनला त्यांनी कुठल्याच पंथाची पाटी लावली नाही.

आणि रेव्हरंड टिळक, म्हणजे कवी ना. वा. टिळक. बरीच वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं आणि १९१७ साली ते सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. १९१९ साली ते गेले, म्हणून तो दरबार कुठवर गेला असता हे कळलं नाही. त्याच १९१९ साली तिकडे दक्षिणेत त्रांकेबारला पहिले भारतीय अँग्लिकन बिशप अझरायाह आणि मंडळी जमली आणि म्हणाली की या फुटी आमच्या नाहीत, बाहेरून आमच्यावर लादल्यात. दक्षिणेत त्यातूनच २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया उभं राहिलं, स्वातंत्र्यानंतर सहा आठवड्यांत.

धागाकर्त्यांचा नकाशाचा मुद्दा म्हणजे अझरायाहांचाच. शंभर वर्षं झाली.

खालच्या_आळीतून

इतका वेळ वाचत होतो. सगळ्यांनी फार छान लिहिलंय. बाप्तिस्मा झाला, बिशप झाले, जमीन झाली, व्हॅटिकन झालं. जातीचं कोण बोलणार?

मी पण नगर जिल्ह्यातला. आमच्याकडे ख्रिस्ती होणं घराघराने नाही झालं, वस्तीवस्तीने झालं. महारवाडा एका मिशनकडे, मांगवाडा दुसऱ्या मिशनकडे, असं कित्येक गावांत. जिथे दोन्ही एकाच चर्चमध्ये आले तिथे बाक वेगळे. काँग्रिगेशनल आणि अँग्लिकन हे पुस्तकातले शब्द. गावात लोक काय म्हणायचे ते मला आणि धागाकर्त्यांना दोघांनाही माहीत आहे.

"या फुटी बाहेरून लादल्या" म्हणताय. ही कोणी लादली? ही तर आपण बरोबर घेऊनच आलो. आणि प्रभुभोजनाचा प्याला एक झाला तरी सोयरीक होते का? माझ्या भावाचं जमलेलं लग्न मोडलं. दोघंही एकाच चर्चचे, एकाच डायोसिसचे, एकाच रविवारच्या शाळेत शिकलेले. मुलीच्या मामानं विचारलं, "तुमचं मूळ कुठलं?" तेवढ्यावर संपलं.

बाहेर मात्र आपण सगळे एकच. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे १९५६ साली शिखांना, १९९० साली बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्त्यांना नाहीत. त्या मागणीसाठी कॅथलिक बिशप आणि नागपूरची नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस हातात हात घालतात, नोव्हेंबरातला एक रविवार दोघे मिळून पाळतात. तिथे मी पण जातो. पण व्यासपीठावर दलित ख्रिस्ती म्हणून एक असलेले आपण घरी येऊन पुन्हा वेगळे होतो.

@रविवारची_घंटा, राग मानू नका. तुमच्या गावातली आठवाली मंडळी कोण आणि साडेदहावाली कोण? खरंच फक्त गाळ्यांवरून?

वसईकर

वसईतही सामवेदी, वाडवळ, आगरी, कोळी हे वेगळेपण अजून लग्नाच्या वेळी डोकं वर काढतं. कमी झालंय. गेलेलं नाही.

रविवारची_घंटा (धागाकर्ता)

@खालच्या_आळीतून,

काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचला, आज संध्याकाळी उत्तर देतोय. यावरून काय ते समजा.

नाही. फक्त गाळ्यांवरून नाही. शंभर टक्के तशी विभागणी नाही, आमच्या आत्याचं घर उलट्या बाजूला आहे आणि आणखी चार घरं. पण आठवाले बहुतेक वरच्या वस्तीतले आणि साडेदहावाले बहुतेक खालच्या, हे खरं. गाळ्यांची भांडणं सुरू झाली तेव्हा पहिल्या सभेतच कोणीतरी म्हणालं होतं, "जागा आमच्या लोकांनी सांभाळली." "आमच्या लोकांनी" म्हणजे कोणी, हे तेव्हा सगळ्यांना कळलं होतं. प्रोसिडिंग बुकात ते वाक्य नाही. दोन्ही बुकांत नाही.

मूळ धागा लिहिताना हे माहीत होतं. एक परिच्छेद लिहिलाही होता, तो काढून टाकला. मिशनच्या नकाशावर ढकललं की बरं पडतं, मिशनरी काही उत्तर द्यायला येत नाहीत.

तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. आमच्या घरातही असं एक लग्न झालेलं नाही. मोडलं असं म्हणत नाही, कारण त्या मुलीच्या घरी विचारायलाच कोणी गेलं नाही. मुलगा मीच होतो.

खालच्या_आळीतून

लिहिलंत, बास.

डहाणूची_लेक

🙏

वकीलकाका

भावना पोचल्या. उताऱ्याचं काय झालं?

रविवारची_घंटा (धागाकर्ता)

काका, काढला. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दोन चकरा झाल्या. तुमची पैज तुम्ही जिंकलात, पण निम्मे नव्हे. सात विश्वस्त, त्यातले सहा दफनभूमीत. सातवे म्हणजे आमच्याच गावचे एक निवृत्त मास्तर, मुलाकडे पिंपरीला असतात. वय ८८. ते विश्वस्त आहेत हे त्यांनाच आठवत नव्हतं. दोन्ही कमिट्यांपैकी एकाचंही नाव उताऱ्यावर नाही, म्हणजे चार वर्षं दोन गट जे भांडताहेत त्यांचा कागदोपत्री काडीचा संबंध नाही.

हे दोन्ही बाजूंना सांगितलं. पहिल्यांदाच दोन्ही बाजू एकाच वेळी गप्प बसल्या.

दुसरं, आत्यानं दोन्हीकडच्या पोरींना बसवून एक शंभर पानी वही केलीय. गीतांच्या पहिल्या ओळी, अ-आ-इ-ई क्रमाने, समोर जुना नंबर आणि नवा नंबर. २०० पर्यंत झालीत. अक्षर दोन तऱ्हेचं आहे कारण अर्धी एकीनं लिहिली, अर्धी दुसरीनं.

वकीलकाका

वही चांगली. आता ऐका. मास्तरांना त्रास न देता पिंपरीला जाऊन भेटा, एका बाजूचा एक आणि दुसऱ्या बाजूचा एक असे दोघं मिळून जा. एकटे जाऊ नका, नाहीतर उद्या म्हणतील सही कोणी घेतली. मास्तर हयात आहेत तोवर त्यांच्याकडून नव्या विश्वस्तांचा प्रस्ताव घ्या. नावं सातच ठेवा. आणि ती सात नावं कोणत्या वस्तीतली असतील हे तिथे जाण्याआधी ठरवा, नंतर नको. ट्रस्टची मूळ योजना असेल तर तिची प्रतही लागेल.

रविवारची_घंटा (धागाकर्ता)

योजनेची प्रत खजिनदारांच्या ट्रंकेत असावी म्हणतात. ट्रंक चर्चच्या मागच्या खोलीत आहे. येत्या रविवारी दोन्ही किल्ल्या आल्या की बघतो. सेक्रेटरी या आठवड्यात गावात आहेत, विचारून घेतलंय.

पिंपरीला माझ्याबरोबर कोण येणार हे मात्र अजून ठरायचंय. @खालच्या_आळीतून, तुमचं गाव आमच्यापासून किती लांब?

खालच्या_आळीतून

तुमचं गाव मला पहिल्याच परिच्छेदात कळलं होतं. एस.टी.ने पाऊण तास. पण मी कोणत्याच बाजूचा नाही, माझी सही चालणार नाही. सोबत म्हणून येतो. शनिवार चालेल.